टॉवेल जागचा हलला नाही

प्रश्न : नानावटी खटल्यात ज्यूरीने सोडलेला माणूस पुढे दोषी कसा ठरला? आमचे आजोबा शेवटपर्यंत त्याचीच बाजू घ्यायचे. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नौदलातल्या नानावटीने बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घालून मारलं, त्याचा हा खटला. आजोबा एकटे नव्हते हो. माझे वडीलसुद्धा जेवताना त्याच्या बाजूने हमरीतुमरीवर यायचे. नौदलाचा पांढरा गणवेश, देखणा कमांडर. त्यात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक उघडउघड त्याच्या पाठीशी. फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ विकत होते म्हणे! ज्यूरीने, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी, 8 विरुद्ध 1 मतांनी सोडलं. सेशन्स जज्जांना ते पटेना, त्यांनी प्रकरण हायकोर्टात धाडलं.

मला विचाराल तर घोडं अडतं त्या टॉवेलपाशीच. प्रेम आहुजा नुकता आंघोळ करून आलेला, कमरेला टॉवेल. झटापटीत चुकून 3 गोळ्या सुटल्या म्हणावं, तर टॉवेल सुटला कसा नाही? शिवाय जहाजावरून खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणलेलं. हायकोर्टाने जन्मठेप दिली, 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली, तेव्हा आमच्याकडे वडिलांनी पेढे आणले होते. आईने मात्र खाल्ला नाही.