घोडीच्या पायाला टाके घातले आहेत. जखम पट्टीत ठेवावी की उघडी ठेवावी?

पट्टी ठेवावी, हळद लावू नये आणि वरातीचा विषय सध्या काढू नये. आपल्या घोडीचा मागचा पाय पत्र्याने कापला, डॉक्टरांनी टाके घालून पट्टी बांधली आणि आता पनवेलच्या तबेल्यातील जाणती मंडळी ‘पट्टी काढा, हवा लागू द्या, हळद-तेल लावा’ असे सांगत आहेत, हे वाचून मला राहवले नाही, कारण याच मुद्द्यावर आमच्या घरातले एक भांडण आजही मिटलेले नाही.

कळव्याला आमचा वरातीच्या घोड्यांचा तबेला होता. ऐन लग्नसराईच्या तोंडावर आमच्या पांढऱ्या घोडीचा मागचा पाय मंडपाच्या पत्र्याला लागून नळीवर (पायाच्या खालच्या लांब हाडावर) आडवा फाटला. डॉक्टरांनी तबेल्यातच गुंगीचे इंजेक्शन देऊन टाके घातले, कापसाचा जाड थर देऊन खुरापासून वरपर्यंत पट्टी बांधली आणि ती आपल्याशिवाय कोणी सोडू नये, असे बजावले. मी कामावर गेलेली असताना काकांनी ती सोडली, जखमेवर हळद आणि गोडेतेल थापले आणि पाय आखडू नये म्हणून घोडीला आवारात फिरवले. संध्याकाळी मी येऊन पाहते तो खालच्या टोकाचे टाके कातडी चिरून लोंबत होते आणि हळदीच्या लगद्यावर माश्या बसल्या होत्या. पुढे त्या जागी लालभडक, दाणेदार मांस कातडीच्याही वर फुगून आले; ‘बघ, जखम भरतेय’ असे काका अभिमानाने सांगत राहिले आणि ते थांबेना तेव्हा ते मांस जाळायला मोरचूद घेऊन आले. शेवटी डॉक्टरांना ते मांस कापून काढावे लागले. त्या फाजील मांसाला संवेदना नसते, त्यामुळे घोडी शांत उभी होती. रक्त मात्र इतके वाहिले की बादली धरून उभे असलेले काकाच बाहेर निघून गेले. तो हंगाम बुडाला, आणि डॉक्टरांचे टाकेच कच्चे होते, असे काका अजूनही नातेवाइकांत सांगतात.

टाके कच्चे नव्हते. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतात. हाड, कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि वर ताणलेली कातडी एवढेच असते, रक्तपुरवठा तुटपुंजा असतो आणि प्रत्येक पावलागणिक टाक्यांवर ओढ बसते. अशा ठिकाणी उत्तम घातलेले टाकेही थोडे उसवू शकतात, पण तोवर ती कातडी आतल्या भागाचे रक्षण करते. पट्टीमुळे हालचाल आवरली जाते, आणि तबेल्यात स्थिर उभे राहणे हाही उपचारच आहे. काकांचा अनुभव छातीच्या आणि पुठ्ठ्याच्या जखमांचा होता. तेथे भरपूर मांस असते आणि पट्टी टिकतही नाही, त्यामुळे तशी जखम उघडी ठेवूनही चांगली भरते, एवढे त्यांच्या बाजूने मान्य करायला हवे.

पट्टी शक्यतो डॉक्टरांकडूनच बदलून घ्यावी, कारण कापूस कमी पडला किंवा दाब एकाच जागी आला तर खालच्या कंडरांना इजा होते. मात्र ती मुताने भिजली किंवा घसरली तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी बोलवावे. धुवायला सांगितले असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ पुरते. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड भरत आलेली जखम जाळतात. घोडी उभीच राहणार असल्याने चंदी (दाणा) कमी करावी आणि वैरण वाढवावी, नाहीतर पोटदुखीचे दुसरे संकट ओढवते. सुरुवातीला थोडी पातळ पिवळसर लस येणे चालते. दुर्गंधी, घट्ट पू, ३८.५ अंश सेल्सियसच्या वर ताप किंवा अचानक पाय टेकवेनासा होणे चालत नाही. जखम सांध्याजवळ असेल तर अशा लंगडण्यासाठी सकाळपर्यंतही थांबू नये. दुखते म्हणून घरातले डायक्लोफेनॅक देऊ नये. जनावरांसाठी त्यावर २००६ साली बंदी आली, ती त्याने गिधाडे मरत होती म्हणून.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात, परंतु टाके निघाले म्हणजे पाय वरातीला तयार झाला, असे नव्हे. आधी हाताने धरून थोडे चालवणे, मग पुढचे. तारीख डॉक्टरच ठरवतील, बँडवाल्यांना आगाऊ शब्द देऊ नये. आणि खरे तर हे सगळ्यात आधी लिहायला हवे होते: घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, तेव्हा टाके घालताना त्याचे इंजेक्शन दिले होते का, हे आजच फोन करून विचारावे.