जागतिक तलवारबाजी अजिंक्यपद स्पर्धा १९२१ साली सुरू झाली की १९३७ साली?

१९२१. यात दुमत असायचं कारणच नाही.

तुम्ही लिहिलंय की एमपीएससीच्या एका सराव संचात १९३७ दिलंय, दुसऱ्या पुस्तकात १९२१, आणि सोबत महिलांच्या प्रकारांची सालं आणि भारताची कामगिरी हवी आहे, तीही थोडक्यात. सालं देते. पण महिलांच्या सालांचा विषय निघाला की मला थोडक्यात सांगता येत नाही. का, ते पुढे कळेलच.

आंतरराष्ट्रीय तलवारबाजी महासंघ, म्हणजे एफआयई, नोव्हेंबर १९१३ मध्ये पॅरिसला स्थापन झाला. लगेच पुढच्या वर्षी महायुद्ध पेटलं. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये पॅरिसलाच पहिली स्पर्धा भरली, आणि तिच्यात प्रकार एकच होता: पुरुषांची इपी. (फॉइल, इपी आणि सेबर ही तलवारबाजीतली तीन हत्यारं, प्रत्येकाचा प्रकार वेगळा.) फ्रान्सचा ल्युसियाँ गोदाँ जिंकला. १९२२ मध्ये बेल्जियमच्या ऑस्टेंडला सेबरची भर पडली, तिथे हॉलंडचा डी याँग पहिला आला. पुरुषांच्या फॉइलला १९२६ पर्यंत, बुडापेस्टच्या स्पर्धेपर्यंत, थांबावं लागलं. हा सगळा काळ स्पर्धेचं नाव 'युरोपीय अजिंक्यपद' असं होतं. १९३७ मध्ये पॅरिसच्या स्पर्धेपासून 'जागतिक' हे नाव आलं आणि महासंघाने आधीच्या विजेत्यांनाही जागतिक विजेते म्हणून मान्यता दिली. तेव्हा १९३७ हे बारशाचं साल आहे, जन्माचं नाही. मूल आधी जन्मतं, नाव मागून ठेवतात. गोदाँनी १९२१ ला तलवार चालवली ती काही १९३७ च्या कागदाची वाट बघत नव्हती.

आता महिला. १९२९ ला इटलीत नेपल्सला महिलांची वैयक्तिक फॉइल सुरू झाली. पहिली विजेती जर्मनीची हेलेने मायर. हीच मायर १९३१ ला जिंकली आणि १९३७ ला, 'जागतिक' हे नाव लागलेल्या पहिल्याच स्पर्धेत, पुन्हा जिंकली. मधल्या काळात तिचे वडील ज्यू म्हणून तिच्या स्वतःच्या गावच्या क्लबने तिचं सदस्यत्व काढून घेतलं होतं, ती अमेरिकेत राहायला गेली होती, आणि तरी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जर्मनीकडून रौप्यपदक घेऊन गेली. तिच्यावर एखाद्या मुलाखतीत प्रश्न आला तर एवढं सांगता आलं पाहिजे.

नेपल्सनंतर काय? साठ वर्षं महिलांसाठी फॉइलच. महिलांची इपी जागतिक स्पर्धेत नियमित प्रकार म्हणून आली १९८९ ला, अमेरिकेत डेन्व्हरला. सेबर आलं १९९९ ला, सेऊलला, आणि अझरबैजानची येलेना जेमायेवा पहिली विजेती ठरली. म्हणजे पुरुषांच्या सेबरनंतर ७७ वर्षांनी. ऑलिम्पिकमध्ये इपी १९९६ ला अटलांटात, सेबर २००४ ला अथेन्समध्ये.

ही ७७ वर्षं तुमच्यासाठी एक वजाबाकी असेल. माझं खेळण्याचं वय त्यांच्या शेवटच्या टोकाला गेलं.

मी जिल्ह्याच्या गावी फेन्सिंग शिकले. शाळेच्या सभागृहात, शहाबादी फरशीवर, खडूने पिस्ट, म्हणजे खेळायची पट्टी, आखून. आमच्याकडे सर्व मुली फॉइल खेळायच्या, कारण सर तसं सांगायचे. मला मात्र पहिल्या दिवसापासून सेबर हवं होतं. मुलांच्या सेबरच्या बाउट, म्हणजे लढती, बघत मी भिंतीशी उभी राहायची. फॉइलमध्ये नुसतं टोक लागून चालतं, त्यातही धड सोडून कुठे लागलं तर फुकट. सेबरमध्ये पातं चालतं, कमरेच्या वरचं सगळं अंग, हात आणि डोकंही लक्ष्य असतं, आणि पंचाने 'आले', म्हणजे 'सुरू करा', म्हटल्यावर दुसऱ्या क्षणाला निकाल. ज्यांना पाय पुढे टाकायची घाई असते त्यांच्यासाठी हे हत्यार आहे. मला ती घाई होती.

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, मुलींचं सेबर जगातच नाही, तर तुला कशाला?

तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं, कारण जगात काय आहे ते कळायला आमच्याकडे सरच होते. मी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, सेबर मुलींना धोक्याचं, चेहऱ्यावर वार येतात, उद्या काही झालं तर तुझ्या आईवडिलांना मी काय सांगू. तिसरं कारण साहित्याचं. इलेक्ट्रिक सेबरला बाह्यांसकट लामे, म्हणजे टच नोंदवणारं धातूच्या धाग्यांचं जाकीट, लागतं, मास्कलाही वायर जोडावी लागते, संस्थेकडे तेवढे पैसे नाहीत आणि असतील ते मुलांसाठी. हे तिसरं कारण तरी खरं होतं. पहिली दोन मला आजही मान्य नाहीत, आणि सरांशी हा वाद माझा आजतागायत चालू आहे, ते समोर असोत नसोत.

धोक्याचंच घ्या. जागतिक स्पर्धेच्या इतिहासातला सगळ्यात भीषण अपघात १९८२ चा, रोमचा. सोव्हिएत संघाचा व्लादिमीर स्मिर्नोव्ह, १९८० चा ऑलिम्पिक विजेता आणि १९८१ चा जगज्जेता, पश्चिम जर्मनीच्या मॅथियास बेअरशी खेळत होता. बेअरचं पातं मोडलं, मोडकं टोक स्मिर्नोव्हच्या मास्कच्या जाळीतून आरपार जाऊन डोळ्यात घुसलं. काही दिवसांनी तो गेला. कुठला प्रकार होता माहितेय? फॉइल. पुरुषांची फॉइल. जे हत्यार आम्हाला 'मुलींसाठी सुरक्षित' म्हणून हातात दिलं होतं तेच.

त्यानंतर महासंघाने काय केलं ते बघा. मास्कच्या जाळीच्या आणि गळपट्टीच्या चाचण्या कडक केल्या. जाकिटाला बुलेटप्रूफ कपड्याच्या जातीचं कापड आलं. पात्यांसाठी मॅरेजिंग पोलाद आलं, जे साध्या पोलादासारखं पटकन तडकत नाही. आज जाकीट ८०० न्यूटन आणि मास्कची गळपट्टी १६०० न्यूटन दाब सोसणारी लागते, ही सगळी भाषा रोमनंतरची. पुरुषांची फॉइल मात्र कुणी बंद केली नाही. कुणी म्हणालं नाही की पुरुषांना हे झेपणार नाही. धोका दिसला की साहित्य सुधारायचं असतं. खेळाडूला घरी बसवणं हा धोक्यावरचा उपाय नव्हे, आणि सरांनी तो फक्त मुलींसाठी वापरला.

असो. मी आणि माझी एक मैत्रीण संध्याकाळी मुलं गेल्यावर मागे थांबायचो. मुलांची दोन जुनी सेबर कपाटाबाहेर राहिलेली असायची. वायर नाही, लामे नाही, टच तोंडी मोजायचे आणि त्यावरून भांडायचं. शिपाईकाका दिवे घालवायला यायचे आणि आमची बाउट संपेपर्यंत दारात उभे राहायचे. शिकवणारं कुणी नव्हतं. मुलांना सर जे सांगायचे ते भिंतीशी उभं राहून ऐकलेलं, तेवढंच.

पुढे सेऊलनंतर वारं आमच्यापर्यंतही पोचलं. राज्य स्पर्धेच्या प्रवेशपत्रिकेत मुलींच्या सेबरचा रकाना आला. आमच्या जिल्ह्याने तो रिकामा पाठवला. मला हे राज्य स्पर्धेच्या ठिकाणी कळलं, भिंतीवर लावलेली पूलची, म्हणजे पहिल्या फेरीच्या गटांची, यादी वाचताना. बाकी जिल्ह्यांची नावं होती, आमच्या जिल्ह्याचं नाव नव्हतं. मी फॉइलच्या संघात होते, म्हणून गॅलरीत बसून ती सगळी सेबर स्पर्धा बघितली. त्यातल्या निम्म्या मुली महिना-दीड महिन्यापूर्वी सेबरला पहिल्यांदा हात लावलेल्या होत्या, त्यांनीच जेवताना सांगितलं. मी जिंकले असते असं म्हणत नाही. मी तिथे उभी राहिले असते. सरांना विचारलं तर म्हणाले, तयारी नसताना नाव कसं पाठवायचं. आमची संध्याकाळची तयारी त्यांना माहीत होती, कपाटाच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असायच्या.

म्हणून मला १९२१ विरुद्ध १९३७ हा प्रश्न नुसता सामान्यज्ञानाचा वाटत नाही. पुस्तकातली सालं म्हणजे कुणीतरी टेबलामागे बसून मान्यता दिल्याची सालं असतात. १९९९ ला जगभरातल्या मुली सेबर शिकायला लागल्या असं झालेलं नाही. मुली आधीपासून खेळत होत्या, मागणी करत होत्या, रकाना १९९९ ला उघडला. गोदाँला हा न्याय मागून तरी मिळाला, महासंघाने त्याचं १९२१ चं पद जागतिक म्हणून धरलं. मुलींच्या रिकाम्या वर्षांना तो कुणी देऊ शकत नाही.

अथेन्सचीही गोष्ट वाचा. २००४ ला महिला सेबरचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण अमेरिकेच्या मारियल झागुनिसला मिळालं, अमेरिकेला तलवारबाजीत शंभर वर्षांनी मिळालेलं सुवर्ण. झागुनिस मुळात पात्र ठरली नव्हती. नायजेरियाने आपली खेळाडू पाठवली नाही, ती जागा रिकामी झाली आणि क्रमवारीनुसार झागुनिसला मिळाली. सगळे ही गोष्ट झागुनिसच्या नशिबाची म्हणून सांगतात. झागुनिस थोरच, तिने पुढे २००९ आणि २०१० ची जागतिक वैयक्तिक विजेतेपदं घेऊन ते सिद्धही केलं. पण मला प्रत्येक वेळी त्या नायजेरियन मुलीची आठवण येते, जिने जागा मिळवली होती आणि जिच्या देशाच्या समितीने रकाना रिकामा ठेवला.

भारताचं थोडक्यात: वरिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत आपल्याला अजून पदक नाही. चेन्नईची भवानी देवी ऑलिम्पिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय तलवारबाज, टोकियो २०२० (प्रत्यक्षात २०२१). पहिली बाउट ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझीशी १५-३ जिंकली, पुढची फ्रान्सच्या मॅनाँ ब्रुनेशी ७-१५ हरली. जून २०२३ मध्ये चीनच्या वूशीत आशियाई तलवारबाजी अजिंक्यपद स्पर्धेत तिने त्या वेळची जगज्जेती, जपानची मिसाकी एमुरा, हिला १५-१० हरवून कांस्य मिळवलं. भारताचं त्या स्पर्धेतलं ते पहिलं पदक. भवानीचं हत्यार कुठलं हे वेगळं सांगायला नको, तरी लिहिते: सेबर. ती बाउट मी मोबाइलवर बघितली आणि शेवटच्या टचनंतर त्याच मैत्रिणीला फोन केला. दोघींनाही बराच वेळ बोलता आलं नाही.

चालू घडामोडींसाठी एक नोंद: २०२३ मिलान, जागतिक स्पर्धा, महिला सेबरच. युक्रेनची ओल्गा खार्लन रशियाच्या आना स्मिर्नोवाविरुद्ध १५-७ जिंकली, हस्तांदोलन न करता सेबर पुढे केलं आणि काळं कार्ड मिळून बाद झाली. नंतर महासंघाला बंदी उठवावी लागली, हस्तांदोलनाचा नियम बदलावा लागला, आणि ऑलिम्पिक समितीने तिला पॅरिसची जागा दिली. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने वैयक्तिक कांस्य आणि संघाचं सुवर्ण घेतलं. माझ्या मते तिने केलं ते शंभर टक्के बरोबर केलं.

आता परीक्षेबद्दल. पर्यायांत १९२१ असेल तर तेच लिहा. प्रश्न जर 'जागतिक या नावाने कधीपासून' असा असेल तर १९३७, एवढा फरक नीट वाचा. आणि उत्तरतालिका चुकीची आली तर हरकत नोंदवा, गप्प बसू नका.

तुम्ही एमपीएससी करताय, उद्या कदाचित जिल्हा क्रीडा अधिकारी व्हाल. तसं झालं तर तुमच्या टेबलावर प्रवेशपत्रिका येतील. मुलींच्या एखाद्या नव्या प्रकाराचा रकाना रिकामा दिसला तर प्रशिक्षकाला बोलावून कारण विचारा. 'तयारी नाही' म्हणाले तर मुलींना बोलावून विचारा. साहित्य नाही म्हणाले तर शेजारच्या जिल्ह्याकडून मागून आणा, लामे चार दिवस उसनं मिळतं. पात्रता पूलमध्ये ठरू दे. एखादी मुलगी पाच शून्यने हरली तर हरली, नाव यादीत लागेल आणि पुढच्या वर्षी ती पाच चारने हरेल. आमचे सर म्हणायचे की हरलेल्या खेळाडूने जिल्ह्याचं नाव खाली जातं. सर, नाव खाली जायला आधी ते भिंतीवर लागावं लागतं.

दोन गोष्टी राहिल्या. सर वाईट शिक्षक नव्हते, फॉइलमध्ये त्यांनी शिकवलेलं पायकाम मी आजही माझ्या विद्यार्थिनींना तसंच्या तसं शिकवते. आणि वर मी नेपल्सचं १९२९ हे साल दिलंय ते वैयक्तिक फॉइलचं. महिलांची सांघिक फॉइल १९३२ ला कोपनहेगनला सुरू झाली होती, प्रश्न सांघिकवर आला तर हे साल लक्षात असू द्या. ऑलिम्पिकच्या वर्षी जे प्रकार ऑलिम्पिकमध्ये नसत तेवढ्यांचीच जागतिक स्पर्धा भरायची, म्हणून १९३२ ला कोपनहेगनला बाकी काही नव्हतं, आणि २००० ला बुडापेस्टला महिला सेबर होतं.