ट्रक ड्रायव्हरच्या स्थळाला होकार द्यावा का? त्यांना घरासाठी वेळ असतो का?

माणूस चांगला असेल तर खुशाल द्या. माझे अण्णा ३१ वर्षं ट्रक चालवत होते, घर सोलापुरातच. गेल्या वर्षी गेले. दहाव्याला माझे मामा चारचौघांत म्हणाले, "बिचारा घरी कधी नव्हताच." तेव्हा मी गप्प बसले. तुमचा प्रश्न वाचला आणि ते पुन्हा टोचलं.

अण्णांची बहुतेक भाडी हैदराबाद-पुणे लाइनची. हैदराबादहून सोलापूर साधारण ३०० किलोमीटर, पुढे पुणे २५०. म्हणजे घर वाटेवरच, पण भरलेली गाडी रस्त्यावर सोडून यायचं कसं? माल गेला तर भरपाई पगारातून. मग आम्हीच जायचो. नळदुर्गच्या बूथवरून ते शेजारच्या किराणा दुकानात फोन करायचे. दुकानदार हाक मारायचे, "वहिनी, तासाभरात गाडी येतेय!" आई कडक भाकरी, आमटी, शेंगाचटणी बांधायची आणि आम्ही तिघं रिक्षानं हैदराबाद रोडला, मार्केट यार्डाच्या अलीकडं.

पहिलं ताट क्लीनरला, हा अण्णांचा नियम. तो जेवेपर्यंत ते टॉमी, म्हणजे चाक खोलायचा लोखंडी दांडा, घेऊन एकेक टायर ठोकत फिरायचे. हवा कमी असली की आवाज बसका येतो, हे मला तिथंच कळलं. मग हात धुवून माझं दप्तर मागायचे. चौथीतलं प्रगतिपुस्तक त्यांनी स्टिअरिंगवर ठेवून सही केलं. धुतलेल्या अंगठ्यातही ग्रीस राहिलेलं, गणिताच्या मार्कांवर काळा ठसा उमटला. बाई रागावल्या, मी घरी येऊन रडले. पुढच्या वेळी अण्णांनी आधी पानावर रुमाल अंथरला आणि तेवढीच सहीची जागा उघडी ठेवली. दोन्ही प्रगतिपुस्तकं माझ्या कपाटात आहेत. अर्धा तास मिळायचा सगळा मिळून.

गड्ड्याचं, म्हणजे सोलापूरच्या जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेचं, तर दिवाळीतच मालकाला सांगून ठेवायचे, यात्रेत गाडीवर येणार नाही. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडायच्या तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर असायचे. एका वर्षी याच पायी मालकानं गाडी काढून घेतली, दोन महिने घरी बसले. पुढच्या जानेवारीत पुन्हा तेच सांगितलं.

मामांची नोकरी दहा ते पाच, ऑफिस घरापासून पाच मिनिटांवर. मुलगा कितवीत आहे हे मात्र मामीला विचारून सांगायचे. तेव्हा १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता, त्यात दिवसाला ८ तास काम लिहिलं होतं. अण्णांच्या एकाही मालकानं तो पाळला नाही, जोडीला दुसरा ड्रायव्हर कधी दिला नाही. त्याचा दोष अण्णांच्या माथी का?

आता तुमचं. सगळेच ड्रायव्हर असे नसतात, हे मान्य. पिऊन गाडीवर बसणारा असेल तर अजिबात नको. गाडी स्वतःची की मालकाची, हप्ते किती राहिलेत, लाइन कुठली, महिन्यातल्या किती रात्री घरी, हे तोंडावर विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर समजून घ्या.

आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तापानं फणफणलेली तुला घेऊन रात्री एकटीनं दवाखाना गाठलाय मी, ते पण लिही." लिहिलं. मामांनाही पाठवतेय.