लाईन बंद आहे, हे स्वतः पाहा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

आयटीआय संपवून तू बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका कंत्राटदाराच्या हाताखाली लागलास, हे कळले. वायर सोलणे, लग दाबणे, पाइप वाकवणे ही कामे हाताला जमतील, त्याची मला चिंता नाही. लाईन बंद असल्याची खात्री दर वेळी स्वतः करण्याची सवय मात्र पहिल्या महिन्यातच लावून घे.

‘बंद केलंय’ असे मालक सांगो वा मेस्त्री, मेन स्विच तू स्वतः पाड, कटआउट (फ्यूज बसवलेला, काढता येणारा भाग) काढून खिशात ठेव आणि ‘काम चालू आहे’ ही पाटी मराठी-कन्नड दोन्हींत लाव, कारण स्विच चालू करायला येणारा कोणती भाषा वाचेल ते आपल्या भागात सांगता येत नाही. मग व्होल्ट मोजणारा मीटर चालू पॉइंटवर लावून तो ठीक आहे ना ते पाहा, कामाच्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तपास, आणि शेवटी मीटर पुन्हा चालू पॉइंटवर लावून बघ. नुसत्या दिव्याच्या टेस्टरवर विसंबू नकोस. कोरड्या लाकडी शिडीवर उभे असताना तो फेजवरही धड पेटत नाही, आणि उन्हात पेटलेला दिसत नाही.

खानापूरकडे पावसाळ्यात लाईन गेली की ‘आता उरकून घेऊ’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. हेस्कॉम या वीज कंपनीची लाईन सांगून परत येत नाही, शिवाय वायरमध्ये वीज सोडणारा इन्व्हर्टर घरात असतोच. शेतातल्या बोअरच्या स्टार्टरला तर बहुधा ऑटो स्विच बसवलेला असतो. लाईन येताच ४१५ व्होल्टवर मोटर आपोआप सुरू होते. तिथे तिन्ही फ्यूज काढल्याशिवाय झाकण उघडू नकोस.

अर्थिंगला लोक पैसे देताना कुरकुरतात, तरी तिथे तडजोड करू नकोस. जांभ्या जमिनीत पाणी ठरत नाही, म्हणून निपाणीकडच्या काळ्या रानात चालून जाणारे अर्थिंग इकडे उन्हाळ्यात निकामी ठरू शकते. खड्ड्यात पाणी घालायला सांग आणि अर्थ टेस्टरने मोजून घे. एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) वायर वाचवतो, पण माणसाच्या अंगातून जाणाऱ्या थोड्या प्रवाहाने तो पडत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच पडणारा स्विच) लागतो.

कोणी शॉक लागून वायरला चिकटलाच तर त्याला धरू नकोस, आधी मेन पाड. आणि वायरमनचे परमिट हाती येईपर्यंत एकट्याने पॅनेल उघडू नकोस, मेस्त्री रागावले तरी चालेल.

तुझा,
काका