पावसाळ्यात राजगड, हिवाळ्यात कळसूबाई आणि मग केदारकंठा: एकच महागडं वॉटरप्रूफ जॅकेट घेतलं तर सगळीकडे चालेल का?

म्हणजे जुलैत राजगड, डिसेंबरात कळसूबाई, जानेवारीत हिमालयातला केदारकंठा असा तुमचा बेत आहे, हाताशी सात-आठ हजार आहेत, आणि ते सगळे एका भारी जॅकेटवर घालावेत का आणि खाली जीन्स चालेल का असं तुम्ही विचारलंय. जीन्सचं आधी सांगून टाकते, तिन्ही ठिकाणी नको. आणि सगळे पैसे जॅकेटवर तर अजिबात घालू नका, का ते जरा सविस्तर सांगते.

ट्रेकचे कपडे म्हटलं की आपण पाऊस किती असेल, थंडी किती असेल एवढंच बघतो. मी नव्या लोकांना नेहमी वेगळं विचारते, चालताना अंगावर काय असणार आहे आणि थांबल्यावर काय असणार आहे? कारण चढ चढताना भर पावसातसुद्धा कोणी गारठत नाही, उलट घामाने निथळत असतो. गारठतो तो वर पोचल्यावर, टपरीवर मॅगीची वाट बघत उभा राहिल्यावर. अंगाला चिकटलेलं पाणी उष्णता फार भराभर ओढून घेतं, कोरड्या स्थिर हवेपेक्षा वीस-पंचवीस पट जास्त, आणि त्यात माचीवरचा वारा. म्हणून चालतानाचे कपडे भिजणार हे मान्यच करायचं आणि थांबल्यावरचे कपडे जिवापाड कोरडे ठेवायचे. माझं सगळं उत्तर एवढ्यावरच उभं आहे.

आता ते भारी जॅकेट. गोअर-टेक्स किंवा तसल्या, कापडात वाफ जाऊ देणारा पातळ पडदा असलेल्या जॅकेटमध्ये बाहेरचं पाणी आत येत नाही आणि आतली घामाची वाफ बाहेर जाते असं सांगतात, आणि ते खोटं नाही, पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा बरीच कोरडी आणि गार लागते. जुलैत राजगडावर काय असतं? ढगातच उभे असतो आपण, हवा पाण्याने भरलेली, आणि गारठा म्हणावा तर तोही नाही, वीस-बावीस अंश असतात. अशा हवेत वाफ जाणार कुठे? तासाभराच्या चढाला तुम्ही आतून घामानेच चिंब होता आणि वर म्हणता जॅकेट गळतंय. तेच जॅकेट हिमालयातल्या गार, कोरड्या हवेत छान काम करतं. आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी साधं, शिवणींवर टेप लावलेलं रेनजॅकेट पुरतं, काखेत चेन असेल तर उत्तम, चढताना ती उघडी ठेवायची.

विकत घेताना दुकानात जॅकेट उलटं करा आणि शिवणी बघा. प्रत्येक शिवणीवरून बोटभर रुंदीची पारदर्शक किंवा पांढरी पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे, खास करून खांद्यावर आणि टोपी जिथे जोडली आहे तिथे. पट्टी नसेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येणार, आणि सॅकचे पट्टे जिथे दाबतात तिथून सगळ्यात आधी. टोपीची दोरी ओढून मान डावी-उजवी वळवून बघा, टोपी मानेबरोबर वळली पाहिजे, नाहीतर दर वेळी एक डोळा कापडाआड जातो आणि निसरड्या पायऱ्यांवर ते धोक्याचं आहे.

पोंचो, म्हणजे डोक्यावरून सॅकसकट अंगावर टाकायचा सैल रेनकोट, त्याबद्दल लोक भांडतात. माझं मत असं की रुंद वाटेवर, म्हणजे राजगडाला पाली गावाच्या बाजूने राजमार्गाने जाणार असाल तर पोंचो मस्त, सॅकही झाकली जाते आणि खालून हवा खेळते. पण गुंजवण्यातून चोर दरवाज्याने चढणार असाल तर नको, तिथे शेवटच्या टप्प्याला रेलिंग धरून कातळातून वर जायचं असतं, पोंचो वाऱ्याने तोंडावर येतो आणि स्वतःचे पायच दिसत नाहीत. बायकांसाठी एक सांगते, पोंचो तरीही सॅकमध्ये ठेवा, गडावर ओले कपडे बदलायला आडोसा नसतो तेव्हा त्याच्याआत बसून सगळं बदलता येतं.

कापडाचं म्हणाल तर घरीच करून बघा. एक जुना कॉटनचा टीशर्ट आणि एक क्रिकेटच्या जर्सीसारखा पॉलिएस्टरचा, दोन्ही बादलीत बुडवा, पिळा आणि पंख्याखाली टाका. पॉलिएस्टरचा तासा-दीड तासात घालण्याजोगा होतो, कॉटनचा सकाळी हात लावला तरी काखेत आणि शिवणीला ओला असतो. कॉटनचा धागा पाणी आत शोषून घेतो, पॉलिएस्टरचा जवळजवळ घेतच नाही. डेनिम म्हणजे जाड कॉटनच, त्यामुळे जीन्स भिजली की किलोभर जड होते, उंच पायरीवर गुडघा वळू देत नाही, मांड्या सोलवटतात आणि ट्रेक संपेपर्यंत वाळत नाही. साधी नायलॉनची ट्रेक पँट किंवा सिंथेटिक कापडाची साधी ट्रॅक पँट दहापट बरी. आतले कपडेपण सिंथेटिकच घ्या, हे कोणी सांगत नाही पण घासून सोलवटायला सुरुवात तिथूनच होते.

लोकर मात्र वेगळी, ती आतून बरंच पाणी पिऊनही अंगाला ओली लागत नाही आणि ओली असतानाही थोडी ऊब देते. आपल्या धनगरांची घोंगडी बघा, दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली. तिची खोळ करून डोक्यावरून घेतली की पावसाचे थेंब वरच्या वर ओघळतात. मावळात आजही भर पावसात गुरांमागे उभी असलेली म्हातारी माणसं तशी खोळ घेतलेली दिसतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे ते पावसात उगाच घाईने चालून घाम काढत नाहीत.

पावसाळ्यात सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे जाड प्लास्टिकची पिशवी. सॅकचं रेनकव्हर पाठीच्या बाजूने पाणी आत घेतंच, म्हणून सॅकच्या आत मोठी पिशवी, त्यात एक कोरडा टीशर्ट, एक पँट, मोजे, पातळ फ्लीस (मऊ, केसाळ सिंथेटिक कापडाचं गरम जॅकेट) आणि कानटोपी, तोंड पिळून गाठ. हा जोड चालताना पिशवीतून बाहेर काढायचा नाही, कितीही भिजलात तरी नाही. मुक्कामाला पोचलात की आडोशाला ओलं काढायचं आणि हा घालायचा, आणि सकाळी निघताना परत तेच ओले कपडे चढवायचे, पहिली दहा मिनिटं नको वाटतं, मग अंग तापतं आणि काही वाटत नाही.

हे मी एवढं का धरून बसले आहे ते सांगते. हरिश्चंद्रगडावर ऑगस्टात आमच्यासोबत एक मुलगा होता, जीन्स आणि कॉटनचा हुडी, पाचनईकडून वर येईपर्यंत मजेत गाणी म्हणत होता. देवळापाशी थांबलो आणि अर्ध्या तासात गप्प झाला, मग हुडीची चेन लावता येईना, बोटं वळेनात, बोलताना शब्द अडखळायला लागले. कोणालातरी वाटलं दमलाय, झोपू दे. झोपू द्यायचं नसतं. ओलं सगळं काढून कोरडं घातलं, दोन्ही बाजूंना माणसं बसली, गोड गरम चहा थोडा थोडा पाजला, तेव्हा तासाभराने ताळ्यावर आला. बाहेर अठरा-वीस अंश असतील, बर्फबिर्फ काही नाही. ओलं अंग आणि वारा एवढंच पुरतं. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी असं अडखळायला लागलं तर हसण्यावारी नेऊ नका, तिथेच थांबवा.

बूट पावसाळ्यात वॉटरप्रूफ नकोत, पाणी वरून घोट्यातून शिरतं आणि आत साचतं. जाळीदार, पाणी बाहेर टाकणारे, आणि शेवाळलेल्या कातळावर पकड असलेले हवेत. इथे पैसे खर्च करा.

पावसाळा संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरला कुसळं. गुडघाभर वाळलेल्या गवतातून गेलात की मोजे, फ्लीस, लोकर सगळं कुसळांनी भरतं आणि ती चालताना टोचत राहतात, म्हणून तेव्हा गुळगुळीत नायलॉनची पँट, मोज्यांवरून घोट्यापर्यंत आलेली. आणि करवंदीच्या जाळ्यांत पातळ महागडं जॅकेट एका ओरखड्यात फाटतं, ते सॅकमध्येच राहू दे. उन्हाळ्यात नियम उलटा होतो, कोरड्या उन्हात सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट चांगला, भिजवला की गारवा देतो, आणि डोक्याला ओला पंचा. फुल बाह्या तशाही बाराही महिने बऱ्या, कड्यांवर आग्या मोहोळं असतात, तिथे भडक वासाचं डिओ मारून जाऊ नका.

कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. पायथ्याच्या बारी गावातून लोक रात्री चढतात, आणि खाली गावात थंडी वाजते म्हणून थर्मल, स्वेटर, जॅकेट सगळं घालून सुटतात आणि पहिल्या शिडीपर्यंत आतून ओले. थर्मल घालून चढू नका. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, एवढेच कपडे घाला, एक टीशर्ट आणि वर पातळ विंडचीटर. उंचीने हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात आणि शिखरावर वारा असतो, त्यामुळे वर पोचल्या पोचल्या, घाम निवायच्या आत, ओला टीशर्ट बदला आणि मग फ्लीस, कानटोपी, वरून विंडचीटर. नुसतं फ्लीस वाऱ्यात काही कामाचं नाही, वारा आरपार जातो.

केदारकंठा साडेबारा हजार फूट, जानेवारीत बर्फ आणि रात्री शून्याच्या बऱ्याच खाली. तिथे थर हवेत: अंगाला लागून पॉलिएस्टर किंवा लोकरीचं थर्मल, त्यावर फ्लीस, आणि बाहेरून वारा-बर्फ अडवणारं जॅकेट. पिसांचं जाड डाउन जॅकेट फक्त कॅम्पवर आणि शिखरावर थांबल्यावर, चढताना घामाने भिजलं की पिसं बसतात आणि ऊब जाते. हातमोजे दोन जोड, पातळ आणि त्यावर जाड, कारण बुटाची लेस बांधायला जाड मोजे काढावेच लागतात. झोपायचे मोजे वेगळे ठेवा. डाउन जॅकेट, गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण) वगैरे ट्रेक सुरू होतो त्या सांकरी गावात भाड्याने मिळतं, एका ट्रेकसाठी विकत घेऊ नका.

तर तुमच्या सात-आठ हजारांत मी असं करेन: निम्म्याच्या आसपास बुटांवर, मग टेप लावलेलं साधं रेनजॅकेट, एक फ्लीस, एक थर्मलचा जोड आणि दोन-तीन जोड चांगले मोजे. टीशर्ट घरात असलेल्या जर्सी चालतात. रेनजॅकेट घ्यायला जाताना फ्लीस अंगात घालून जा, म्हणजे वरून बसतं का आणि हात वर केला की कंबर उघडी पडते का ते तिथेच कळेल, तेच जॅकेट तुम्हाला केदारकंठालाही बाहेरचा थर म्हणून वापरायचंय.