शाळेत नुसतं खेळवतात हो!

पहिलीच्या उंबरठ्यावरच्या मुलांचे आईबाबा माझ्याकडे सल्ला घ्यायला येतात, तेव्हा पुष्कळदा त्यांची तक्रार मुलाबद्दल नसते, शाळेबद्दल असते. या आईंचीही तशीच होती. मुलगा साडेपाच वर्षांचा, एका प्राथमिक शाळेच्या बालवर्गात. वह्या जवळजवळ कोऱ्या. आज काय केलं विचारलं, की उत्तर ठरलेलं : "खेळलो." आणि शेजारचा त्याच वयाचा मुलगा शंभरपर्यंत अंक लिहितो, जोडाक्षरांना पोचलाय. "मॅडम, आम्ही फी काय खेळायची भरतो का? शाळा बदलू का, तेवढं सांगा."

आईंनी मग घरीच रोज संध्याकाळी तासभर लिहून घ्यायला सुरुवात केली होती. थोड्याच दिवसांत वही काढली, की मुलाच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणून बाबांना ते नाटक वाटत होतं. नाटक नव्हतं, या वयात धास्ती बऱ्याचदा पोटातूनच बोलते. ती वही मी बघितली. अक्षरं इतकी दाबून काढलेली, की मागच्या पानावर उमटली होती, दोन ठिकाणी कागदही फाटला होता. मी मुलाला खडू दिला तर त्यानं तो मुठीत धरला आणि रेघ ओढताना सगळा हात खांद्यापासून हलला. तीन बोटांत पेन्सिल धरून बोटांनीच ती फिरवणं बहुतेक मुलांना चार ते सहा-सात या वयात हळूहळू जमतं. याचा हात अजून तिथे पोचायचा होता, आणि आपण त्याच्याकडून पानंच्या पानं भरून घेत होतो.

शाळेची परवानगी काढून एक सकाळ वर्गात बसा, असं मी सुचवलं. अट एकच : मुलगा काय शिकला ते लिहायचं नाही, काय करतोय तेवढंच लिहायचं. बाबा रजा काढून गेले. त्यांचा कागद मला फार आवडला. मुलानं पुलासाठी ठोकळ्यांचे दोन खांब उभे केले. वरची पट्टी आखूड पडली. खांब जवळ आणले, तर मधून गाडी जाईना. एका मुलीनं सांगितलं, बारकी गाडी घे. यावरून दोघांचं वाजलं. बाईंनी भांडण सोडवलं नाही की उत्तरही दिलं नाही, फक्त विचारलं, "गाडी केवढी रुंद आहे, कशानं बघशील?" त्यानं गाडीपुढे ठोकळे ओळीनं मांडले, तीन भरले. मग खांब लांब सरकवले आणि लांब पट्टी शोधायला गेला. पूल झाल्यावर त्याला 'बंद' अशी पाटी हवी होती. बाईंनी लिहून दाखवलं, त्यानं बघून काढलं. 'ब' उलटा आला.

"यात गणित आहे हो," बाबा म्हणाले. आई मात्र बधल्या नाहीत. "पहिलीत परीक्षा काय पुलाची घेणार आहेत?"

प्रश्न रास्त होता. मी सात बटणं जवळजवळ मांडून मुलाला मोजायला सांगितलं, मग त्याच्यादेखत ती लांब लांब पसरवली आणि विचारलं, आता किती? "सातच की," तो म्हणाला, तेही पुन्हा न मोजता. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मांडलेली ही जुनी चाचणी. चार-पाच वर्षांची बरीच मुलं इथे 'जास्त झाली' म्हणतात, आणि त्यांत शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारीही मला भेटतात. पहिलीतल्या बेरजेला संख्येची ही समज लागते. अंक वळणदार काढणं नंतरही येतं.

खेळातून शिकवायची ही टूम नवी नाही. शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिक फ्रोबेल यांनी 1837 मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी संस्था काढली, तेव्हा चेंडू आणि लाकडी ठोकळे हेच तिथलं साहित्य होतं. फिनलंडमध्ये औपचारिक शाळा सातव्या वर्षी सुरू होते. न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचायला शिकलेल्या मुलांची तुलना केली होती. अकराव्या वर्षाच्या आसपास वाचनात फरक उरला नव्हता.

पण 'खेळातून शिक्षण' असं फलकावर लिहिणारी प्रत्येक शाळा ते करतेच असं नाही. कुठे खेळणी पाहुण्यांसाठी कपाटात असतात, कुठे मुलं मोकळी सोडून बाई रजिस्टर भरत बसतात. तिथे मी आईंच्याच बाजूनं बोलले असते. मी पालकांना बघायला सांगते, की खेळ चालू असताना बाई मुलांशी बोलतात का, रोज गोष्ट वाचली जाते का, आणि तुमच्या मुलाबद्दल त्यांनी काही टिपून ठेवलंय का. या बाईंच्या वहीत प्रत्येक मुलाचं पान होतं. याच्या पानावर 'कात्री अवघड जाते' असं आधीपासून लिहिलेलं होतं.

काळजी करण्यासारखं निराळं असतं. साडेपाचव्या वर्षी बोलणं परक्याला कळत नसेल, मूल कायम एकटंच खेळत असेल, दोन टप्प्यांची साधी सूचना पाळता येत नसेल, तर शाळेशी वाद घालत न बसता कान, वाचा आणि विकास तपासून घ्यावा. या मुलात तसं काही नव्हतं.

संध्याकाळचं लेखन बंद करायचं ठरलं. त्याऐवजी माती मळणं, कागद फाडून चिकटवणं, कात्री, आणि झोपताना गोष्ट. "'क'नं सुरू होणारं काय काय दिसतंय?" हा खेळ बाबांनी अंगावर घेतला. आईंनी रविवारची दहा मिनिटं लेखनाला मागून घेतली. मी दिली, पण पेन्सिलीऐवजी जाड खडू आणि मोठा कागद.

पोटदुखी काही आठवड्यांत थांबली. शाळा बदलली नाही. पहिलीच्या पहिल्या सहामाहीत अक्षर वाकडंच होतं आणि त्यावरून आईंचा फोनही आला. वाचतो का, विचारलं, तर म्हणाल्या, "वाचतो हो, दिसेल ती पाटी वाचतो. पण वळण?"

वळणासाठी पहिलीचं उरलेलं वर्ष आहे, असं मी सांगितलं. त्यांना ते अर्धंच पटलं असावं.