वाचकांचे प्रश्न : मंगलाष्टकांच्या वेळीच माइकचा आवाज का तुटतो?

प्रश्न : माझा साउंड भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे. अक्कलकोट रस्त्यावरील पत्र्याच्या छताच्या एका मंगल कार्यालयात मी चार कॉर्डलेस माइक वापरतो. मिक्सर आणि रिसीव्हर हॉलच्या मागच्या टोकाला, स्टेजपासून सुमारे 30 मीटरवर टेबलावर असतात. सकाळी तपासणीच्या वेळी सगळे माइक व्यवस्थित चालतात, पण मंगलाष्टके सुरू झाली की गुरुजींचा आवाज तुटू लागतो. दोन्ही अँटेना 25 मीटर आरजी-58 केबल जोडून स्टेजमागच्या लोखंडी ट्रसला, एलईडी वॉलच्या शेजारी बांधून पाहिले, तरी फारसा फरक पडला नाही. दुकानदार अँटेनाचा संदेश वाढवणारा बूस्टर घ्या म्हणतो. घ्यावा का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तूर्तास घेऊ नये. आपल्या अडचणीचे मूळ आपणच प्रश्नात सांगितले आहे. सकाळी हॉल रिकामा असतो आणि अष्टके सुरू होताच सगळे वऱ्हाडी हातात अक्षता घेऊन उभे राहतात. माणसाच्या शरीरात बहुतांश पाणी असते आणि ते माइकच्या रेडिओ लहरी शोषून घेते. हातातल्या माइकची शक्ती साधारण 10 ते 50 मिलिवॅट एवढीच असते. 30 मीटरवर टेबलाच्या उंचीला ठेवलेल्या रिसीव्हरपर्यंत पोहोचताना तिच्या वाटेत उभ्या माणसांची भिंतच तयार होते. लोक पुन्हा खुर्चीवर बसले की माइक आपोआप सुधारतो, आणि मग दोष माइकचा की बॅटरीचा, असा घोळ सुरू होतो.

त्यात पत्र्याच्या छताची भर पडते. माइककडून थेट आलेली लहर आणि पत्र्यावर आपटून थोड्या लांबच्या वाटेने आलेली लहर एकाच जागी उलट्या अवस्थेत भेटल्या, तर त्या एकमेकींना जवळजवळ नाहीशा करतात. असे माइक ज्याच्या आसपास चालतात त्या 600 मेगाहर्ट्झला लहरीची लांबी अर्धा मीटर असते. म्हणून गुरुजी वीतभर सरकले तरी आवाज जातो किंवा परत येतो. रिसीव्हरला दोन अँटेना दिलेले असतात ते यासाठीच : एकाच्या जागी लहर विझली तरी दुसऱ्याच्या जागी ती बहुधा शाबूत असते. पण दोन्ही अँटेना एकाच खांबाला जवळजवळ चिकटवून बांधले, तर दोन असूनही ते एकच ठरतात. त्यांच्यात किमान पाव लहरीचे, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर अंतर हवेच. जागा असेल तर मी मीटर-दीड मीटर ठेवीन.

अँटेना पुढे नेण्याचा आपला विचार योग्यच होता, जागा मात्र चुकली. लोखंडी ट्रसला चिकटलेला अँटेना ज्या दिशेने ऐकायला हवा त्या दिशेने ऐकत नाही, आणि एलईडी वॉल व तिचे वीजपुरवठा संच स्वतःच रेडिओ लहरींचा गोंगाट करत असतात. माइकचा संदेश जवळ आला खरा, पण गोंगाटही तेवढाच जवळ आला. त्याऐवजी स्टेजच्या समोरच्या बाजूला, डावी-उजवीकडे एकेक स्टँड उभा करून त्यावर अँटेना उभ्या माणसांच्या डोक्यांच्या बऱ्याच वर, अडीच-तीन मीटर उंचीवर न्यावेत. चपटे, पानाच्या आकाराचे, एकाच दिशेने ऐकणारे (डायरेक्शनल) अँटेना असतील तर त्यांचे टोक स्टेजकडे आणि पाठ एलईडी वॉलकडे येईल अशी जागा शोधावी. समोरून ते शक्य नसेल, तर स्टेजच्या कडेने आडवे रोखावेत. माइक वापरणाऱ्यापासून दोन-तीन मीटर तरी अंतर राखावे, कारण फार जवळ आलेला माइक रिसीव्हरला बधिर करतो.

आता केबल. आरजी-58 ही पातळ केबल 600 मेगाहर्ट्झला दर मीटरला सुमारे 0.4 डेसिबल खाते. 25 मीटरला 10 डेसिबल, म्हणजे अँटेनाने पकडलेल्या शक्तीपैकी जेमतेम दहावा हिस्सा रिसीव्हरपर्यंत पोहोचतो. तेवढ्याच लांबीच्या एलएमआर-400 या जाड केबलमध्ये अडीच डेसिबल जातात आणि निम्म्याहून अधिक शक्ती शिल्लक राहते. बूस्टरचे काम हा केबलमधला तोटा भरून काढणे एवढेच आहे. तो अँटेनाच्या बुडाशी बसवावा लागतो आणि त्याची वाढ केबलच्या तोट्याइतकीच ठेवावी लागते. केबलच्या शेवटी, रिसीव्हरजवळ लावलेला बूस्टर क्षीण झालेला संदेश आणि गोंगाट दोन्ही सारखेच मोठे करतो. चुकीच्या जागेवरच्या अँटेनाला बूस्टर लावणे म्हणजे एलईडी वॉलचा गोंगाट पैसे देऊन वाढवून घेणे होय.

खरे तर आपल्यासारख्या, दर मुहूर्ताला नव्या कार्यालयात सामान मांडणाऱ्या व्यावसायिकाला मी यातले काहीच सुचवणार नाही. रिसीव्हरच उचलून स्टेजच्या कडेला उंच टेबलावर ठेवावेत, रॅकचे लोखंडी दार मागे असेल तर अँटेना रॅकच्या पुढच्या बाजूला काढावेत आणि तेथून मिक्सरपर्यंत आवाज आपल्या नेहमीच्या एक्सएलआर किंवा मल्टिकोर केबलने आणावा. अशा बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरचा गोंगाट रद्द करणाऱ्या केबलमध्ये 30 मीटर आवाज नेताना काहीही बिघडत नाही. रेडिओ संदेश नेताना मात्र प्रत्येक मीटरचे मोल द्यावे लागते. तोटा एवढाच की रिसीव्हरचे दिवे आपल्या नजरेसमोर राहत नाहीत, म्हणून अष्टकांच्या वेळी स्टेजजवळ एक मुलगा उभा ठेवावा.

प्रश्न : घरी डिशसाठी आणलेली आरजी-6 केबल बरीच उरली आहे. ती अँटेनासाठी वापरली तर चालेल का? तिचा अवरोध (इम्पीडन्स) 75 ओहम आहे आणि रिसीव्हरचा 50 ओहम, असे सांगतात.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चालेल. ओहम न जुळल्यामुळे होणारा तोटा प्रत्येक जोडाला डेसिबलच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असतो. उलट आरजी-6 जाड असल्यामुळे 25 मीटरला तिच्यात सुमारे 4 डेसिबल जातात, त्यामुळे लांब अंतरावर ती 50 ओहमच्या आरजी-58 पेक्षा सरस ठरते. काळजी घ्यायची ती जोडांची. डिश केबलच्या एफ कनेक्टरवरून रिसीव्हरच्या बीएनसी कनेक्टरवर नेणारा अडॅप्टर घट्ट बसणारा घ्यावा, एका ओळीत तीन-तीन अडॅप्टर लावू नयेत आणि केबल मधली तार तुटेल इतकी काटकोनात वाकवू नये. शिवाय या केबलची मधली तार कडक असते, रोज गुंडाळून-उलगडून ती लवकर मोडते. कायमच्या बसवणुकीसाठी तीच केबल उत्तम आहे.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही चार माइक 640.0, 640.4, 640.8 आणि 641.2 मेगाहर्ट्झवर लावले. एकेक चालू केला की स्वच्छ आवाज येतो; चारही चालू केले की खरखर आणि शिट्ट्या ऐकू येतात. अँटेना बदलावेत का?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : अँटेना निर्दोष आहेत, बाईंनी आकडे बदलावेत. दोन माइक एकत्र चालू असले की त्यांच्या मिश्रणातून नव्या फ्रिक्वेन्सी जन्माला येतात. 640.4 ची दुप्पट करून त्यातून 640.0 वजा केले की 640.8 उरतात, म्हणजे पहिले दोन माइक मिळून तिसऱ्याच्या डोक्यावर बसतात, 640.8 च्या दुपटीतून 640.4 वजा केले की चौथ्याचीही तीच गत. समान अंतराची रांग डोळ्यांना नेटकी दिसते, पण रेडिओला ती सर्वांत वाईट. रिसीव्हरमध्ये कंपनीने तयार करून दिलेले, एकमेकांना न भिडणाऱ्या फ्रिक्वेन्सींचे गट असतात. त्यांतील एकाच गटाचे चार चॅनेल निवडावेत. मुले माइक वापरून झाल्यावर विंगेतल्या एकाच बाकावर चालू स्थितीत शेजारी-शेजारी ठेवतात, तेही थांबवावे, कारण माइक जितके जवळ तितके हे मिश्रण जोरदार होते. कार्यक्रमाच्या दिवशी सर्व माइक बंद ठेवून, दिवे आणि एलईडी वॉल मात्र चालू करून, रिसीव्हरवरील, रेडिओ संदेशाची ताकद दाखवणारा आरएफ मीटर पाहावा. माइक बंद असूनही एखाद्या रिसीव्हरची पट्टी हलत असेल, तर त्या फ्रिक्वेन्सीवर आधीच कोणीतरी बसलेले आहे. ती सोडून दुसरी घ्यावी.